खाच, पातं, मग फेन्स: टेबल सॉ जुळवायचा क्रम

माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर बारा एमएम प्लायचा एक तुकडा खिळ्याला टांगलेला आहे. वीतभर लांब, वीतभर रुंद. समोरून पाहिला तर त्यात काहीच विशेष नाही. उलटा केला की खालच्या अंगाला कमानीसारखा एक ओरखडा दिसतो, दोन-तीन मिलिमीटर खोल, कंपासने काढावा इतका सफाईदार. हा तुकडा पात्यावरून उडून माझ्या पोटात बसला होता. जाड एप्रन होता म्हणून आठवडाभराच्या काळ्यानिळ्या डागावर भागलं. त्या दिवशी माप बरोबर होतं, पातं नवं होतं, हातात लाकूड ढकलायची काठी, म्हणजे पुश स्टिकही होती. चूक फेन्समध्ये होती, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून पुढे सरकवायचं त्या सरळ आडोशात. त्याचं मागचं टोक पात्याकडे पाऊण मिलिमीटर झुकलेलं होतं आणि मी ते कधी तपासलंच नव्हतं, कारण फेन्सच्या मापपट्टीवरचा काटा बरोबर आकडा दाखवत होता.

पाऊण मिलिमीटरने काय बिघडतं, हे कळायला पातं फिरतं कसं ते आधी पाहू.

टेबल सॉचं पातं टेबलाच्या पोटातून वर येतं. तुमच्या बाजूचे दाते वरून खाली येतात. ते लाकूड टेबलावर दाबतात आणि थोडं तुमच्याकडे ढकलतात. इथपर्यंत सगळं हाताच्या ताब्यात असतं. पात्याच्या मागच्या बाजूचे दाते मात्र खालून वर निघतात. त्यांचं काम संपलेलं असतं, चीर पुढच्या दात्यांनीच पाडलेली असते, त्यामुळे त्यांनी लाकडाला स्पर्शही करायला नको. फेन्स मागे पात्याकडे झुकलेला असेल तर वाट पुढे अरुंद होत जाते. लाकूड त्या चिंचोळ्या जागेत अडकतं, मागच्या दात्यांना चिकटतं, वर उचललं जातं आणि पात्याच्या माथ्यावरून थेट तुमच्या दिशेने सुटतं. यालाच किकबॅक म्हणतात. दहा इंची पात्याचा परीघ सुमारे ८० सेंटीमीटर. मिनिटाला ४,००० फेरे धरले तर दात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर होतो. तुकडा त्याच वेगाने येतो असं नाही, पण दचकून हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. आणि त्याच क्षणी लाकूड धरलेला हात पात्याकडे ओढला जाऊ शकतो, हा त्यातला खरा धोका.

अमेरिकेतल्या स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये कातडीचा स्पर्श ओळखून पातं थांबवणारी यंत्रणा तयार केली, हे बऱ्याच जणांनी बोटाऐवजी सॉसेज पात्याला लावलेल्या व्हिडिओमुळे पाहिलेलं असतं. अॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पाच मिलिसेकंदांच्या आसपास सगळं थांबतं. शोध अफलातून आहे. पण ती यंत्रणा बोट लागलं की जागी होते, लाकूड अडकलं म्हणून नाही. उडणाऱ्या लाकडावरचा उपाय अजूनही पाना, गुण्या, पात्यामागची पाचर आणि थोडी चिकाटी हाच आहे.

आता क्रम. बहुतेक जण पातं आणि फेन्स यांच्यामधलं अंतर पुढे-मागे टेपने मोजतात आणि फेन्स हलवून मोकळे होतात. तो तुकडा उडाल्यावर सुरुवातीला मीही तेच करायचो. यात गोम अशी की पातंच तिरकं असेल तर फेन्सही त्याच्याबरोबर तिरका होतो, आणि मग मायटर गेजने (आडव्या कापासाठी लाकूड टेकवून पुढे सरकवायचा टेकू) आडवं कापताना लाकूड जळायला लागतं. टेबलाच्या पृष्ठभागावर पात्याला समांतर अशी जी लांब खाच असते, ज्यात मायटर गेजची पट्टी सरकते, ती कारखान्यात बिडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या टेबलातच कोरलेली असते. ती हलत नाही. म्हणून सगळी मापं तिच्यापासून: आधी पातं खाचेला समांतर, नंतर फेन्स खाचेला समांतर. पातं आणि फेन्स एकमेकांशी थेट कधी जुळवायचेच नाहीत. दोघंही खाचेला समांतर झाले की आपसूक एकमेकांना समांतर होतात.

सुरू करण्यापूर्वी प्लग काढा. स्विच बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे. आपल्याकडे लाइट जाते, आपण चहाला जातो, साधा स्विच तसाच चालू राहतो आणि लाइट आली की मशीन आपोआप गुरगुरायला लागतं. वीज गेल्यावर आपला आपण बंद पडणारा स्विच काही मशीनना असतो. तुमच्याला नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून तो बसवून घ्या. जुळवणी करताना मात्र प्लग काढून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवायचा, म्हणजे विसरायला जागाच राहत नाही.

दुसरं काम कंटाळवाणं आहे पण सोडू नका: पातं उतरवा. दांड्यावर पात्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्या पुसा. त्या चकतीखाली भुशाचा आणि राळेचा एक कण जरी राहिला तरी पातं डगमगतं, कारण चकती लहान आणि पातं तिच्या चार-पाच पट मोठं. आतली चूक काठावर तेवढीच पट होऊन दिसते. माझ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी दोन रविवार टेबलाचे बोल्ट सैल-घट्ट करण्यात घालवले. शेवटी निघाला तो चकतीवर सुकलेला फेविकॉलचा थेंब.

पातं परत बसवलं की ते पूर्ण उंचीवर आणा आणि गुण्याने ढोबळमानाने ९० अंशांवर करा. आता एक दाता निवडून त्यावर मार्करने खूण करा. हा एक दाता या सगळ्या प्रकाराचा जीव आहे. कोणतंही पातं शंभर टक्के सपाट नसतं. पुढे एका दात्यापाशी मोजलं आणि मागे दुसऱ्याच दात्यापाशी, तर तुम्ही पात्याची वक्रता मोजता, दिशा नाही. म्हणून खूण केलेला दाता पुढे आणून मोजायचं, मग पातं हाताने फिरवून तोच दाता मागे न्यायचा आणि पुन्हा मोजायचं. लाकडाच्या बऱ्याचशा पात्यांचे दाते आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे धार दिलेले असतात. ज्या बाजूने मोजताय त्या बाजूला टोक असलेला दाता घ्या.

मोजायला डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारं मापयंत्र, असेल तर उत्तम, पण नसला तरी अडत नाही. मायटर गेजला एक सरळ पट्टी क्लॅम्प करा आणि तिच्या पात्याकडच्या टोकात गोल डोक्याचा एक स्क्रू पिळा. मायटर गेज पात्याच्या डावीकडच्या खाचेत ठेवा, खूण केलेला दाता पुढे आणा आणि स्क्रू हळूहळू बाहेर काढत जा, दात्याच्या टोकाला जेमतेम टेकेपर्यंत. टेकला की पातं हाताने किंचित पुढे-मागे करा. दाता स्क्रूच्या डोक्यावरून जाताना बारीक ‘खर्र’ असा आवाज येतो. तो आवाज कानात बसवा. मग गेज मागे सरकवा, तोच दाता मागे आणा आणि पुन्हा ऐका. तसाच आवाज आला तर पातं समांतर आहे. आवाजच नाही आला तर मधे फट आहे, आणि ती मोजायला टू-व्हीलर गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात तो ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचा फीलर गेज चालतो. तोही नसेल तर झेरॉक्सचा कागद आहेच: त्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. एक कागद जातो, दोन जात नाहीत, एवढं कळलं तरी पुष्कळ. हे करताना मायटर गेजची पट्टी खाचेच्या एकाच कडेला दाबून धरा, कारण पट्टी आणि खाच यांच्यात थोडा ढिलेपणा असतोच आणि तो तुमचं माप खातो.

पुढच्या-मागच्या मापातला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आला की मी थांबतो. ही अंधश्रद्धा नाही. दात्यांची रुंदी ३.२ मिलिमीटर आणि पात्याच्या सपाट अंगाची जाडी २.२ असेल तर दाता प्रत्येक बाजूला अर्धाच मिलिमीटर बाहेर असतो. तेवढ्या मोकळ्या जागेत लाकडाची फुग, पात्याची डगमग आणि तुमच्या हाताचा दाब, सगळं मावायचं असतं. जुळवणीतल्या चुकीने ती जागा आधीच खाल्ली तर बाकीच्यांसाठी उरत नाही.

फट कुठे आहे यावरून धोकाही वाचता येतो. डाव्या खाचेतून मोजताना मागे फट निघाली तर पात्याची पाठ उजवीकडे, म्हणजे बहुतेक वेळा फेन्स असतो त्या बाजूला झुकली आहे. ही वाईट बातमी. ते मशीन जुळवल्याशिवाय चालू करू नका. उलट मागे स्क्रू दात्याला आणखी जोरात घासला तर पाठ डावीकडे गेली आहे. त्यात लाकूड अडकण्याची शक्यता कमी, पण डावीकडचा तुकडा जळका आणि खरबरीत निघतो.

आता हलवायचं काय? मोठ्या, कपाटासारखा बंद खोका असलेल्या मशीनमध्ये पातं आणि मोटर खोक्याला जोडलेली असते आणि वरचं टेबल चार बोल्टवर बसलेलं असतं. तिथे टेबल हलवायचं. हलक्या, उघड्या पायांच्या मशीनमध्ये पात्याचा पाळणा टेबलालाच खालून टांगलेला असतो. तिथे टेबल स्थिर आणि पाळणा सरकवायचा. साइटवर न्यायच्या छोट्या मशीनमध्ये कोणता बोल्ट सैल करायचा ते मॅन्युअलमध्ये असतं. कागद हरवला असेल तर मॉडेल नंबर टाकून नेटवर शोधा, अंदाजाने बोल्ट खोलू नका. टेबलवाल्या प्रकारात चारपैकी तीन बोल्ट सैल करायचे आणि चौथा थोडा आवळलेला ठेवायचा, म्हणजे टेबल त्याच्याभोवती फिरतं. लाकडाचा ठोकळा मधे ठेवून हातोडीने एक टिचकी. जोर नाही, टिचकीच. मग मोजा. पुन्हा टिचकी.

खरी चिडचिड इथून पुढे होते. माप शून्यावर येतं, तुम्ही बोल्ट आवळता आणि माप पुन्हा ०.२ वर. बोल्ट आवळताना तो टेबलाला स्वतःबरोबर ओढतो. स्टेपनी बदलताना नट जसे समोरासमोर, थोडे थोडे आवळतो तसेच इथे आवळा, आणि प्रत्येक फेरीनंतर मोजा. माझ्या मशीनला पहिल्यांदा तीन तास लागले होते. आता चाळीस मिनिटं लागतात, आणि त्यातली दहा चहाची.

पातं झालं. फेन्स त्यामानाने सोपा.

फेन्स खाचेच्या कडेला आणून लॉक करा. मग खाचेची कड आणि फेन्सचा चेहरा पुढे, मधे आणि मागे बोटाने चाचपा. बोट आश्चर्यकारकरीत्या हुशार असतं. केसाएवढी पायरीही त्याला लागते. नेमकं हवं असेल तर डायल गेज किंवा तीच स्क्रूवाली पट्टी फेन्सवर वापरा. काही फेन्सला माथ्यावर दोन बोल्ट असतात, ते सैल करून फेन्स वळतो. इंग्रजी टी अक्षरासारखा, फक्त पुढच्या रुळावर पकडणारा फेन्स असेल तर रुळाला टेकणाऱ्या आडव्या भागात दोन छोटे स्क्रू असतात आणि ते अॅलन कीने पाव पाव फेरा फिरवायचे.

फेन्स अगदी समांतर ठेवावा की मागे किंचित उघडा, यावर सुतारकाम करणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाचं म्हणणं, समांतर म्हणजे समांतर. दुसरा पक्ष म्हणतो, मागे कागदाएवढी जास्त जागा द्या, म्हणजे मागचे दाते फेन्सकडच्या तुकड्याला लागणारच नाहीत. मी दुसऱ्या पक्षात आहे, भिंतीवर तुकडा टांगलेला असताना आणखी कुठे असणार! पण एका कागदाच्या पुढे जाऊ नका, नाहीतर लाकूड फेन्सला नीट टेकून चालत नाही. मागे आवळता फेन्स मात्र कोणत्याच पक्षाला मान्य नाही.

लॉक करण्याची सवयही तपासा. स्वस्त फेन्सची खोड अशी की दांडा दाबताना शेपूट इकडेतिकडे जातं. फेन्सचा पुढचा भाग तळहाताने रुळावर दाबून धरा आणि मग लॉक करा. असं तीनदा करा आणि तीनदा मोजा. तीन वेळा तीन वेगळी मापं आली तर त्या फेन्सची जुळवणी होत नसते. तो बदलायचा किंवा प्रत्येक कापाआधी मागचं टोक मोजायचं. फेन्स टेबलाला काटकोनात उभा आहे का, हेही गुण्याने एकदा बघून घ्या.

मग रायविंग नाइफ. पात्याच्या मागे उभी असलेली ही पातळ पोलादी पाचर चीर मिटू देत नाही आणि लाकूड मागच्या दात्यांकडे सरकू देत नाही. नीट न सुकलेल्या फळीत ताण अडकलेला असतो. कापता कापता ती चिमट्यासारखी मिटते, आणि तिथे तुमची अचूक जुळवणी काही करू शकत नाही, ही पाचरच करते. ती दात्यांच्या रुंदीपेक्षा पातळ आणि पात्याच्या सपाट अंगापेक्षा जाड हवी. पात्यापासून तिचं अंतर ३ ते ८ मिलिमीटर हवं, आणि सरळ पट्टी पात्याला लावून पाहिली तर ती पात्याच्या रेषेतच हवी. नवं, पातळ चिरेचं पातं आणलं तर हा हिशेब पुन्हा करा, कारण जुनी पाचर नव्या चिरेत बसणारच नाही आणि मग लोक ती काढून कोपऱ्यात फेकतात. तशी फेकलेली पाचर मी किमान चार वर्कशॉपमध्ये पाहिली आहे.

साइटवर प्लायच्या फळीला भोक पाडून खाली उलटी टांगलेली कटर तुम्ही पाहिलीच असेल. कधी हातातली सर्क्युलर सॉ, कधी चक्क लाकडाचं पातं लावलेला मार्बल कटर, जो मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फिरतो. तिला खाच नाही, पाचर नाही, गार्ड नाही, आणि फेन्स म्हणजे दोन क्लॅम्पनी धरलेली एक पट्टी. ज्या कारागिराला दिवसाच्या रोजावर काम उरकायचंय त्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण मार्बल कटर या कामासाठी नाहीच, आणि त्याच्यावर हा लेख लागू करायचा प्रयत्नही करू नका. ज्याला समांतर ठेवायची काही सोयच नाही ते यंत्र जुळवता येत नाही.

९० अंशांचं काम झटपट होतं. गुण्या पात्याच्या सपाट अंगाला लावा, दात्यांना नाही. खात्री करायची तर उभा धरलेला एक तुकडा कापा, त्यातला एक अर्धा उलटा करून दोन्ही कापलेले चेहरे पुन्हा जुळवा. चूक असेल तर ती दुप्पट होऊन फटीच्या रूपाने दिसते. जमलं की आतला स्टॉप बोल्ट त्या जागी आणा आणि बाहेरचा काटा मग शून्यावर करा. ४५ अंशांवर एक मेख आहे: ९० ला समांतर असलेलं पातं तिरकं केल्यावर खाचेला समांतर राहीलच असं नाही. तिरकं करून मापं पुन्हा घ्या. फरक निघाला तर टेबलाच्या पुढच्या किंवा मागच्या बोल्टखाली पातळ पत्र्याची पट्टी घालावी लागते. तिरका काप क्वचितच लागत असेल तर हे काम पुढे ढकललं तरी चालेल, तोपर्यंत तिरके काप नकोत एवढंच.

फेन्सच्या पट्टीवरचा आकडा जुळवायचा तो सर्वांत शेवटी. एक तुकडा कापा, कॅलिपरने मोजा आणि काटा त्या मापावर आणून स्क्रू आवळा.

आता प्लग लावा. गार्ड आणि पाचर जागेवर, चष्मा डोळ्यांवर, हातमोजे नाहीत. पात्याची उंची लाकडाच्या वर दोन दात्यांमधला गाळा जेमतेम दिसेल एवढी. उभं राहायचं पात्याच्या रेषेच्या डावीकडे, रेषेत नाही. पहिला काप सरळ कडेच्या एमडीएफचा घ्या, कारण वाकडी फळी मशीनची परीक्षा घेत नाही, तुमची घेते. सरळ नसलेली कड फेन्सला लावायची नाही. आधी रंधा मारा. काप झाला, पातं पूर्ण थांबलं, की फेन्सकडच्या तुकड्याचा कापलेला चेहरा उजेडात तिरका धरा. बारीक, एकसारख्या रेघा असतील तर ठीक. मधेच खोल, वर चढत गेलेले कमानीसारखे ओरखडे दिसले तर मागचे दाते लागताहेत, परत बोल्टकडे. काळपट डाग दिसले तर आधी पात्याची धार आणि राळ तपासा. प्रत्येक जळक्या कडेचं खापर जुळवणीवर फोडू नये.

आणि आडवा काप घेताना मायटर गेज व फेन्स दोन्ही एकाच वेळी वापरू नका. तुकडा पातं आणि फेन्स यांच्यामध्ये मोकळा सुटतो, तिरपा होतो आणि उडतो. लांबी बांधायचीच असेल तर फेन्सवर पात्याच्या बऱ्याच अलीकडे एक ठोकळा क्लॅम्प करा, त्याला टेकवून माप घ्या. लाकूड पात्याशी पोचेपर्यंत ठोकळा मागे राहिलेला असतो.

ही जुळवणी एकदा केली की आयुष्यभराची, असं नाही. टेम्पोतून मशीन हलवलं की तपासायचं. पावसाळा संपला की तपासायचं, तेव्हा बिडाच्या टेबलावर गंज चढलेला असतो, लाकूड अडखळत सरकतं, आणि अडखळणारं लाकूड आपण नकळत जास्त जोराने ढकलतो. गंज काढून टेबलावर मेण चोळा. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. माझ्या टेबलाच्या खालच्या अंगाला, पुढच्या बोल्टच्या शेजारी, पेन्सिलीने लिहिलेल्या तारखांची एक रांग आहे. प्रत्येक तारखेपुढे दोन आकडे: पुढे किती, मागे किती. सर्वांत वरच्या ओळीत फक्त फेन्सचं माप आहे, मागे ०.७५ आत, आणि त्याच्या पुढे तारखेऐवजी ‘प्लाय’ एवढाच शब्द.